सामाईक खात्याची बेटं: आप्पांबरोबर गला-गीची किनाऱ्यावर

शार्लटहून साडेतीन तास गाडी चालवली की साउथ कॅरोलिनाचा किनारा येतो. आमच्याकडे भारतातून कुणी आलं की आम्ही त्यांना तिकडे नेतो, पण आजवर समुद्र, घोडागाड्या आणि चार्ल्स्टनचे रंगीत बंगले यांपलीकडे काही दाखवलं नव्हतं. यंदा मार्चअखेरीस आप्पा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून आले. तेव्हा ठरवलं, की ज्यांच्या कष्टांवर हे बंगले उभे राहिले त्या गला-गीची लोकांच्या गावांतून फिरायचं. आप्पा महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी होऊन निवृत्त झाले. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण या प्रवासात जे मला पुस्तकी वाटत होतं ते त्यांना लगेच कळत होतं.

गला-गीची म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे वंशज. भात, नीळ आणि लांब धाग्याचा कापूस यांचे मळे त्यांनी पिकवले. भाताची खाचरं, भरती-ओहोटीचं पाणी अडवायच्या झडपा, पाखडायच्या टोपल्या हे सगळं ज्ञान त्यांनी सोबत आणलं होतं. डासांच्या आणि तापाच्या भीतीनं मळ्यांचे मालक उन्हाळ्यात बेटं सोडून जात. पूलही नव्हते. त्यामुळे या लोकांची भाषा, स्वयंपाक, विणकाम आणि प्रार्थनेची रीत जशी टिकली तशी अमेरिकेत इतरत्र क्वचितच टिकली. २००६ मध्ये अमेरिकी संसदेनं नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंत चार राज्यांतल्या या किनारपट्टीला राष्ट्रीय वारसा क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

बुधवार: चार्ल्स्टन

पाइनच्या परागांनी गाडी पिवळी झाली होती आणि आप्पा शिंकत होते, तरी दुपारी आम्ही इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमच्या दारात होतो. जून २०२३ मध्ये उघडलेली ही इमारत १८ खांबांवर, जमिनीपासून १३ फूट उंच उभी आहे. खालची जागा गॅड्सडेन्स वॉर्फची, म्हणजे जहाजांतून माणसं उतरवली जात त्या धक्क्याची. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलाम आफ्रिकनांपैकी सुमारे ४० टक्के लोक या एका शहराच्या बंदरातून आत आले. म्हणून ती जमीन बांधकामाखाली न झाकता मोकळी ठेवली आहे.

तिथे पाण्याचा एक अगदी उथळ हौद आहे. त्याच्या तळाशी माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, एकीला एक चिकटून झोपवलेल्या, जहाजाच्या तळात कोंबत तशा. पाणी हळूहळू चढतं, आकृत्या झाकल्या जातात, मग पाणी ओसरतं. आप्पा काठावर बराच वेळ उभे होते. नंतर वरच्या दालनांत फिरतानाही ते फारसं बोलले नाहीत.

त्यांना बोलतं केलं ते कुटुंबांचा इतिहास शोधायला मदत करणाऱ्या विभागानं. हा विभाग मला या म्युझियमचा गाभा वाटला. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांना मागचा माग काढताना १८७० च्या जनगणनेपाशी भिंत लागते. गुलामीतून सुटलेल्या बहुतेक माणसांचं नाव-आडनाव जनगणनेत येतं ते तिथे पहिल्यांदा. १८५० आणि १८६० च्या याद्यांत मालकाचं नाव आहे आणि त्याखाली फक्त वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण. भिंतीच्या पलीकडे जायचं तर मालकाची मृत्युपत्रं, मळ्याचे हिशेब, कृष्णवर्णीय सैनिकांच्या पेन्शनचे अर्ज, उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) शेवटी सरकारनं मुक्त झालेल्यांसाठी उघडलेल्या फ्रीडमेन्स ब्युरोची दप्तरं असं एकेक कागद जुळवत जावं लागतं. तिथल्या कर्मचारी बाई एका आजींना हे शिकवत होत्या. शिकवत होत्या म्हणजे खरोखर शिकवत होत्या. माउस आजींच्या हातात होता. आजींनी सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत अंत्यविधीच्या पत्रिका आणल्या होत्या. इथल्या चर्चमध्ये अंत्यविधीला छापील पत्रिका वाटतात. त्यात गेलेल्या माणसाचा फोटो, जन्मगाव, आईबाप, भावंडं, मागे राहिलेली मुलं-नातवंडं, सगळं असतं. त्या पत्रिका म्हणजे घराण्याची वंशावळच.

मी आप्पांना हळू आवाजात सांगत होते. ते म्हणाले, "नावच नोंदलं नाही तर वारस कसा लागणार? ही बाई स्वतःची वारस नोंद स्वतः करतीये बघ."

संध्याकाळी कॅल्हून स्ट्रीटवरच्या मदर इमॅन्युएल चर्चपाशी गेलो. १७ जून २०१५ च्या रात्री इथे बायबलचा अभ्यास चालू असताना एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्यानं नऊ जणांना गोळ्या घातल्या. पाद्री क्लेमेंटा पिंकनी त्यांत गेले. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. त्यांचं नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला मिळणार होतं, एका अगदी वेगळ्या कामाच्या संदर्भात.

जाणाऱ्यांसाठी: म्युझियमचं वेळेचं तिकीट आधी काढा आणि निदान तीन तास हाताशी ठेवा. आपल्या घरातल्या कुणाला वंशावळीची आवड असेल तर त्या विभागात जरूर बसवा, मदत करणारी माणसं फार मनापासून वेळ देतात. गाडी एकदा लावली की शहराचा जुना भाग पायीच बघावा.

गुरुवार: माउंट प्लेझंट

कूपर नदीवरचा उंच पूल ओलांडला की पलीकडे माउंट प्लेझंट. इथून जाणाऱ्या १७ नंबरच्या महामार्गाच्या कडेला लाकडी टपऱ्या दिसतात आणि त्यांवर खिळ्यांना टांगलेल्या टोपल्या. स्वीटग्रास नावाच्या गवताच्या या टोपल्या १९३० च्या दशकापासून इथे रस्त्यावर विकल्या जातात. विणण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी, थेट पश्चिम आफ्रिकेतली. २००६ मध्ये राज्यानं तिला आपली अधिकृत हस्तकला ठरवलं. इथल्याच मेरी जॅक्सन यांना २००८ मध्ये या कामासाठी मॅकआर्थर फेलोशिप ही मानाची अमेरिकी शिष्यवृत्ती मिळाली.

आम्ही थांबलो आणि पावसाची सर आली. टपरीवरच्या मावशींनी भराभर प्लॅस्टिक ओढलं, आम्हीही हात लावला, आणि मग पाऊस थांबेपर्यंत आम्हाला त्यांनी आतच बसवून घेतलं. त्यामुळे काम अगदी हातभर अंतरावरून बघता आलं. टोपलीची सुरुवात मधल्या गाठीपासून होते. पाइनच्या लांब तपकिरी सुया दुमडून घट्ट गाठ मारायची. तिच्याभोवती गवताची जुडी गोल गोल फिरवत न्यायची आणि पाल्मेटो या ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानाच्या पट्टीनं प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला शिवायचा. भोक पाडायला त्यांच्याकडे चमच्याचा दांडा होता, टोक घासून चपटं केलेला. पूर्वी यासाठी गाईच्या बरगडीचं हाड वापरत. भोक पाडायचं, पट्टी ओवायची, ओढायची. जुडी बारीक होत आली की चार नव्या काड्या मध्ये सरकवायच्या, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. तासाभरात तळहाताएवढी चकती झाली. मोठ्या टोपलीला आठवडेच्या आठवडे लागतात.

गवत कापत नाहीत. झुबक्यावर पाय ठेवून पाती मुठीनं उपसून घेतात, म्हणजे मूळ राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. अडचण आहे ती गवतापर्यंत पोचण्याची. ते उगवतं वाळूच्या टेकड्यांमागे, खाडीच्या कडेला, आणि नेमकी तीच जमीन बंगल्यांच्या वसाहतींना हवी असते. कुंपणं पडली, फाटकं आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथून गवत आणलं तिथे परवानगी मागायची वेळ आली. आता काही वसाहतींशी बोलून गवत उपसायला जायचे दिवस ठरवतात, काही ठिकाणी मुद्दाम लागवड केली आहे, आणि मुलांना विणकाम शिकवायचे वर्ग चालतात. मावशी म्हणाल्या, "शिकायला मुलं मिळतात. गवत आणि टपरीपुरती जागा एवढं राहिलं पाहिजे."

जागेचा विषय निघाला आणि आप्पा सरसावून बसले. मावशींच्या आजोबांची काही एकर जमीन होती. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, मुलांनीही केलं नाही, आणि आता त्या जमिनीला न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, फ्लोरिडा असे कुठे कुठे पसरलेले वारस. कागदावर सगळ्यांचा अविभक्त हिस्सा. इथे अशा जमिनीला 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. मी भाषांतर संपवायच्या आत आप्पा म्हणाले, "सामाईक खातं. वाटप नाही, खातेफोड नाही. आणि एका लांबच्या हिश्श्यावाल्याला गाठून बाहेरचा माणूस आत शिरतो, बरोबर?"

अगदी बरोबर. या किनाऱ्यावर हेच घडत आलं. ज्यानं ती जमीन कधी पाहिलीही नाही अशा चुलत भावाचा बारीकसा हिस्सा एखादा बिल्डर विकत घेतो. हिस्सेदार झाला की तो न्यायालयात वाटप मागतो. जमिनीचे तुकडे पाडणं शक्य नाही म्हणून न्यायालय सगळीच विकायला काढतं, लिलाव होतो, आणि दीडशे वर्षं त्या जमिनीवर राहिलेलं घर रस्त्यावर येतं. जमीन नावावर स्पष्ट नसल्यानं कर्ज मिळत नाही आणि वादळानं छप्पर उडालं तर सरकारी मदत मिळवतानाही मालकी सिद्ध करत बसावं लागतं.

२०१६ मध्ये साउथ कॅरोलिनानं यासाठी कायदा केला आणि त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव दिलं. आता आधी जमिनीचं नीट मूल्यांकन होतं, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी घरच्या लोकांना मिळते, आणि विकायचीच वेळ आली तर मातीमोल लिलावाऐवजी बाजारभावानं विकली जाते. कायदा झाला तरी कागद कुणीतरी जुळवावे लागतातच. चार्ल्स्टनचं सेंटर फॉर एअर्स प्रॉपर्टी प्रिझर्व्हेशन हे काम २००५ पासून करतंय. ते चर्चमध्ये जाऊन मृत्युपत्राचे वर्ग घेतात, वकील देतात, आणि जमीन मोकळी झाली की तिच्यावर लाकडाचं रान कसं सांभाळायचं, त्यातून दरवर्षीचा कर कसा भागवायचा हेही शिकवतात. हा शेवटचा भाग आप्पांना विशेष आवडला. जमीन नावावर झाली आणि पोट भरत नसेल तर माणूस ती विकणारच, हे त्यांनी पस्तीस वर्षं पाहिलंय.

खाण्याबद्दल थोडं. गुरुवारी आप्पा सामिष खात नाहीत. इथे पालेभाज्या, घेवडा, चवळी सगळं मिळतं, पण बहुतेक वेळा धुरावलेल्या मांसाचा तुकडा टाकून शिजवलेलं असतं, आणि टोमॅटोत शिजवलेल्या लाल भातात बेकन किंवा सॉसेज असतं. भाज्यांत काय घातलंय ते स्पष्ट विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. आमचं जेवण मक्याचा पाव, तळलेली भेंडी आणि रस्त्याकडेच्या गाडीवरच्या मिठात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा यांवर झालं. शेंगा बघून आप्पांना जो आनंद झाला तो पाहता मी दोन पिशव्या घेतल्या. तिळाची पातळ, कुरकुरीत बिस्किटंही इथली खासियत. तीळ आफ्रिकेतूनच इथे आले.

टोपली घेणार असाल तर भाव करू नका. छोट्या टोपलीलाही चांगले पैसे पडतात आणि ते योग्य आहेत. फोटो विचारूनच काढा.

शुक्रवार: हिल्टन हेड आणि ब्यूफर्ट

हिल्टन हेड बेटाचं नाव गोल्फ खेळणाऱ्यांना माहीत असतं. १९५६ मध्ये बेटावर पूल आला, त्याच सुमारास सी पाइन्स नावाची पहिली मोठी वसाहत सुरू झाली, आणि तोवर मासेमारी आणि शेती करून राहणारी गला कुटुंबं पुढच्या काही दशकांत कोपऱ्यात गेली. जमिनीच्या किमतींबरोबर कर वाढले. कर थकला की जमीन लिलावात जाते. बऱ्याच वसाहतींच्या नावांत अजून 'प्लांटेशन' हा शब्द आहे. ज्यांचे पणजोबा प्लांटेशनवर राबले त्यांना रोज ती पाटी वाचावी लागते.

आम्ही फाटकावर पैसे भरून सी पाइन्समध्ये गेलो, ते ब्रॅडॉक्स पॉइंट दफनभूमी बघायला. तीन बाजूंना सुट्टीतली घरं, बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल, आणि मधे ओकच्या सावलीत गला कुटुंबांच्या कबरी. काही दगडांवर नावं आहेत, काही नुसते खड्डे आहेत. इथे पूर्वीपासून पाण्याजवळ पुरतात. आज आपल्याच आजीच्या कबरीवर फूल ठेवायला फाटकावरच्या पहारेकऱ्याला कारण सांगून आत जावं लागतं. माझा नवरा फार शांत माणूस, पण तो इथे चिडला. मला त्याचं चिडणं योग्य वाटलं.

त्यानंतर मिचेलव्हिलला गेलो ते बरं झालं. ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या आरमारानं पोर्ट रॉयलची खाडी जिंकली आणि मळेवाले पळाले. मागे राहिलेल्या हजारो माणसांना सैन्यानं आधी बराकींत ठेवलं. मग जनरल ऑर्म्सबी मिचेल यांनी त्यांना जमीन आखून दिली आणि १८६२ मध्ये मुक्त झालेल्या लोकांचं पहिलं स्वशासित गाव उभं राहिलं. गुलामी कायद्यानं संपायला अजून तीन वर्षं होती! प्रत्येक घराला पाव एकर. गावानं आपले कारभारी निवडून दिले, कर लावला, आणि ६ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली. साउथ कॅरोलिनात असा नियम त्याआधी कुठेच नव्हता. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकवणं गुन्हा होता त्यांनी हाती सत्ता आल्यावर जे पहिले नियम केले, त्यांत हा होता.

आता तिथे किनाऱ्याला लागून उद्यान आहे. उत्खननात सापडलेली बटणं, बशांचे तुकडे यांची माहिती मिळते. आम्हाला माहिती देणारा तरुण इथलाच. तो म्हणाला की लहानपणी शाळेच्या सहली बेटावरच्या दीपगृहाला जायच्या, या जागेवर कुणी आणत नसे. आता तो स्वतः शाळांना इथे आणतो. चिलटांचं औषध मात्र लावून जा. मार्चमध्येही, वारा पडला की दलदलीतून डोळ्यांना न दिसणारी चिलटं उठतात आणि कानामागे, मानेवर चावतात.

रात्री मुक्काम ब्यूफर्टला. इथल्या टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात रॉबर्ट स्मॉल्स यांची कबर आणि अर्धपुतळा आहे. ब्यूफर्टात गुलाम म्हणून जन्मलेल्या या माणसानं १३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्स्टन बंदरातून 'प्लांटर' नावाचं दक्षिणेच्या सैन्याचं जहाजच पळवलं. कप्तानाची टोपी घालून, बरोबर खुणेच्या शिट्ट्या देत, घरच्यांना घेऊन तो तोफांखालून निघाला. पुढे तो अमेरिकी संसदेचा सदस्य झाला आणि ज्या घराच्या मागे जन्मला होता ते मालकाचं घर त्यानं विकत घेतलं. शेजारीच, स्वतः गुलामीतून पळून जाऊन इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचा पुतळा २०२४ मध्ये उभारलाय. जून १८६३ मध्ये त्यांनी कंबाही नदीवरच्या मळ्यांतून ७०० हून अधिक माणसं एका रात्रीत सोडवली.

शनिवार: सेंट हेलेना, पेन सेंटर

हिल्टन हेडहून हे बेट खाडीपलीकडे आहे, पण इथे आल्यावर रस्ता दोन पदरी होतो, फाटकं दिसत नाहीत, टोमॅटोची शेतं आणि भाजीचे ठेले लागतात. ओकच्या फांद्या रस्त्यावर कमान धरतात आणि त्यांवरून करडं शेवाळ लोंबतं. दोन बेटांत एवढा फरक कसा, हे कळायला पेन सेंटर बघावं लागतं.

१८६२ मध्ये उत्तरेतून आलेल्या लॉरा टाउन आणि एलेन मरे यांनी इथे मुक्त झालेल्या लोकांसाठी शाळा काढली. त्याच वर्षी शार्लट फोर्टेन ही फिलाडेल्फियाची कृष्णवर्णीय शिक्षिका इथे शिकवायला आली. जागा अपुरी पडली म्हणून शाळा समोरच्या विटांच्या चर्चमध्ये भरू लागली. हे चर्च १८५५ मध्ये गुलामांनीच मालकांसाठी बांधलं होतं आणि त्यांना स्वतःला वरच्या सज्ज्यात बसावं लागे. लॉरा टाउन १९०१ मध्ये वारल्या, तोवर त्या इथेच राहिल्या. मुलं वाचायला शिकली, त्याचबरोबर सुतारकाम, लोहारकाम, टोपल्या विणणं, शेती. बेटावरचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर यॉर्क बेली या शाळेचेच विद्यार्थी आणि इथल्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे.

त्या आवारात उभं असताना मला जोतीराव आणि सावित्रीबाई आठवल्याशिवाय कसं राहतील? पुण्यातली त्यांची मुलींची शाळा १८४८ ची. आणि १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या अशाच लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. शाळेत ते नुसतं वाचून सोडून दिलं होतं. इथे आप्पांनी ते संग्रहालयातल्या बाईंना सांगायला लावलं. त्यांनी वही काढून जोतीरावांचं नाव आणि साल लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

शाळा १९४८ मध्ये बंद झाली, पण संस्था चालू राहिली. दक्षिणेत काळे-गोरे एकत्र बसून बोलू शकतील अशा जागा तेव्हा फार थोड्या होत्या. १९६० च्या दशकात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी इथे शिबिरांना येत. ते उतरत ते गँट कॉटेज हे छोटंसं पांढरं घर अजून आहे. १९८० नंतर एमरी कॅम्पबेल संचालक असताना संस्थेनं जमिनीचा प्रश्न हातात घेतला. हिल्टन हेडचं काय झालं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं, ते स्वतः तिथलेच. १९८८ मध्ये सिएरा लिओनचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ मोमो इथे आले, आणि पुढच्या वर्षी गला लोकांचं एक पथक पूर्वजांच्या त्या देशात जाऊन आलं.

या बेटावर १९९९ पासून काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाचा, एक खास नियम आहे: गोल्फ मैदान नाही, फाटकबंद वसाहत नाही, रिसॉर्ट नाही. २०२३ मध्ये पाइन आयलंडवरच्या सुमारे ५०० एकरांत गोल्फ आणायचा प्रस्ताव आला तेव्हा बेटावरच्या लोकांनी सभांना गर्दी केली आणि काउंटी कौन्सिलनं नियम कायम ठेवला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की सभेत उभं राहून बोलायचं कसं, तीन मिनिटांत मुद्दा मांडायचा कसा, नकाशा वाचायचा कसा, याची तयारी लोकांनी आधी आपसांत करून घेतली होती. टोपली आणि गाणं वाचवायचं तर आधी नकाशा वाचता आला पाहिजे, हे इथल्या लोकांना फार लवकर कळलं.

दुपारी फ्रॉगमोर स्ट्यू खाल्लं. कोळंबी, मक्याची कणसं, बटाटे, सॉसेज एकाच पातेल्यात उकडून, कागद पसरून वर ओततात. फ्रॉगमोर ही याच बेटावरची वस्ती. आप्पांनी हातानं सोलून मनसोक्त खाल्लं.

संध्याकाळी मेरी जेंकिन्स प्रेज हाउस बघितलं. एका खोलीचं, पांढऱ्या फळ्यांचं, आपल्याकडच्या छोट्या मारुतीच्या देवळाएवढं घर. मळ्यावरचे लोक अशा घरांत जमत, बाक भिंतीला सरकवून टाळ्या-पावलांच्या ठेक्यावर गोल फिरत गात. तंटेही इथेच मिटवत. बेटावर अशी आता तीनच उरली आहेत.

रविवार: ब्रिक चर्च

त्याच विटांच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला कुणालाही जाता येतं. नीट कपडे घाला आणि वेळ हातात ठेवा. दोन तास सहज जातात. नव्या माणसांना उभं राहून ओळख करून द्यायला सांगतात. आप्पा उभे राहिले, "नमस्कार, आय ॲम फ्रॉम सातारा" म्हणाले आणि सगळ्या चर्चनं त्यांना हात हलवून प्रतिसाद दिला.

नंतर बाहेर गप्पा झाल्या. सत्तरीतले एक गृहस्थ सांगत होते, की पळालेल्या मळेवाल्यांच्या जमिनी सरकारनं युद्धकाळात विकल्या तेव्हा त्यांच्या खापरपणजोबांनी १० एकर घेतले आणि त्यातले बरेचसे अजून घरात आहेत. त्यांच्या बहिणीला काळजी होती ती एका चुलतभावाची: तो फिलाडेल्फियात वारला, त्याला दोन बायकांची मुलं, आणि त्यांतल्या एकाशी कुणाचाच संपर्क नाही. आप्पांनी चर्चची छापील पत्रिका उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि वंशावळ काढायला सुरुवात केली. वर मूळ खातेदार, खाली मुलं वयानं, वारलेल्यांच्या नावाभोवती चौकट, जिवंत वारसापुढे पत्ता. मी मधे उभी राहून दोन्हीकडून बोलत होते. बाई नावं सांगत गेल्या, अडल्या की भावाला विचारत, तो अडला की आणखी कुणी पुढे येई. पत्रिका भरली तेव्हा २३ नावं झाली होती आणि तीन जागा रिकाम्या. आप्पांनी त्या रिकाम्या जागांना गोल केले आणि म्हणाले, "यांना सांग, आधी हे तीन शोधा. बाकीचं वकील करेल." बाईंनी कागद घडी घालून बायबलमध्ये ठेवला. वकिलांचा पुढचा मृत्युपत्र-वर्ग जवळच होणार होता, तिथे हा घेऊन जाईन म्हणाल्या.

परतीचा रस्ता सरळ आहे, चार-साडेचार तास. तुम्ही जाणार असाल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. जुलै-ऑगस्टची दमट उष्णता आणि वादळांचा हंगाम टाळा. बेटांवर गाडीशिवाय फिरता येत नाही. जमेल तिथे स्थानिक गला वाटाड्याच घ्या, म्हणजे पैसे तिथेच राहतात. प्रेज हाउसच्या आसपास लोकांची राहती घरं आहेत, अंगणात शिरू नका. आणि नोव्हेंबरमध्ये जाणं झालं तर पेन सेंटरचा हेरिटेज डेज उत्सव गाठा: जाळी विणणारे, टोपलीवाल्या, गाणारे, स्वयंपाक करणारे सगळे तेव्हा एका आवारात असतात. आमचं तेव्हाचं बुकिंग झालंय.